नदीतल्या माशांची खानेसुमारी कधी होणार?

पवना नदी बातम्यांत येते ती जलपर्णीमुळे, सांडपाण्यामुळे, नाहीतर पात्रावर तरंगणाऱ्या फेसामुळे. पिंपरी-चिंचवडची तहान भागवणारी आणि त्याच शहराचा मैला पोटात घेणारी ही नदी. याच पवनेतून आणि नीरेतून मिळालेल्या एका चिमुकल्या माशाचे शास्त्रीय वर्णन 2016 साली प्रसिद्ध झाले. ‘पेथिया संजयमोलुरी’ असे त्याचे नाव ठेवले गेले. तोवर विज्ञानाच्या दप्तरी त्याची नोंदच नव्हती. ज्या नद्यांच्या काठी लाखो माणसे राहतात, ज्यांच्यावर दरवर्षी कोट्यवधी रुपयांच्या योजना आखल्या जातात, त्यांच्या पाण्यात कोण राहते हे अजून पुरते ठाऊक नाही, एवढा या घटनेचा अर्थ स्पष्ट आहे.

महाराष्ट्रात पावसाळा सुरू झाला की धरणांत किती टीएमसी पाणी जमले याचे आकडे रोज सकाळी जाहीर होतात. शेतकऱ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे ते वाचतात. याच पाण्यातल्या माशांची मात्र अशी एकही अधिकृत, ठरावीक वर्षांनी अद्ययावत होणारी यादी राज्यात कोणत्याही खोऱ्यासाठी सहज हाती लागत नाही. वाघांची गणना होते, पाणपक्ष्यांची होते. नदीचा खरा रहिवासी मोजणीबाहेर राहतो. हे बदलले पाहिजे, आणि ते फार खर्चाचे कामही नाही.

सुरुवात तर फार पूर्वीच झाली होती. 1824 साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले. साइक्सने पिकांची, वस्त्यांची, हवामानाची नोंद केली आणि त्याबरोबर भीमेच्या खोऱ्यातले मासेही टिपले. 1839 ते 1841 या काळात लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने त्याचे हे काम प्रसिद्ध केले. त्यात 40 हून अधिक जातींची वर्णने होती आणि त्यांतल्या बहुतेक विज्ञानाला नव्या होत्या. त्याने दिलेली अनेक नावे काठावरच्या बोलीतून आली आहेत: टॉर खुद्री, मिस्टस सींगटी, रिटा गोग्रा, गारा मुल्या. लंडनच्या ग्रंथात उमटलेली ही शिंगटी, हा घोगरा, हा मळ्या इथल्याच मासेमारांच्या तोंडचे. दख्खनच्या पहिल्या मत्स्यसर्वेक्षणाला त्यांची माहिती लाभली होती. अहवालात त्यांची नावे नाहीत, ही त्या काळाची रीत. आजच्या सर्वेक्षणांनी तरी ती पुढे चालवू नये.

साइक्सने एका मोठ्या उणिवेचा वारसाही मागे ठेवला. त्याने पाहिलेल्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. उरली आहेत ती वर्णने आणि चित्रे. त्यामुळे त्याने नेमका कोणता मासा पाहिला, यावर पुढच्या पिढ्यांना डोके खपवावे लागले. 1992 साली उजनीच्या जलाशयातून ‘ऑस्टिओब्रामा भीमेन्सिस’ ही नवी जात म्हणून वर्णिली गेली. भीमेचे नाव घेऊन आलेला, फक्त तिथेच सापडणारा मासा! 2011 मध्ये पुण्याच्या संशोधकांनी नमुने पुन्हा तपासले तेव्हा तो साइक्सनेच पूर्वी वर्णिलेला ‘विगोर्सी’ असल्याचे निष्पन्न झाले. मधली 19 वर्षे एक मासा दोन नावांनी वावरत राहिला. नमुना बाटलीत जपून ठेवणे, त्यावर जागा आणि तारीख लिहिणे, तो संग्रहालयात जमा करणे ही कामे कंटाळवाणी वाटतात. पण त्यांच्यावाचून यादीतल्या नावाला आधार उरत नाही.

पुण्याच्या नद्यांइतका जुना आणि सलग म्हणावा असा माशांच्या नोंदींचा इतिहास भारतात फार थोड्या नद्यांच्या वाट्याला आला आहे. 1942 मध्ये फ्रेझर यांनी आणि 1944 मध्ये सुटर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांवर लिहिले. 1963 मध्ये तोणपी आणि मुल्हेरकर यांची यादी आली. 2003 मध्ये वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेचे मासे पुन्हा तपासले. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातल्या माशांच्या रचनेत दीर्घकाळात काय बदल झाले याचा अभ्यास ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. 2012 मध्ये इंद्रायणीची आणि वाईजवळच्या कृष्णेची सर्वेक्षणे प्रसिद्ध झाली. दोन्ही ठिकाणी 50 हून अधिक जाती मिळाल्या. त्यांतल्या काही फक्त पश्चिम घाटात, तर काही केवळ कृष्णेच्या खोऱ्यात आढळणाऱ्या.

यातले बरेचसे काम महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी, त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि हौशी अभ्यासकांनी आपापल्या उमेदीवर केले आहे. एखादा प्राध्यापक निवृत्त झाला की त्या नदीची नोंद थांबते. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, तिथे नमुने आहेत, तज्ज्ञही आहेत. पण ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने, दर काही वर्षांनी नदीकडे परत जाण्याची राज्याची व्यवस्था नाही. परत गेल्याखेरीज बदल कळणार कसा?

मासे मोजणे म्हणजे नदीत जाळे टाकून हाती लागेल ते लिहून घेणे, असा एक समज आहे. प्रत्यक्षात एकाच नदीत अनेक घरे असतात. डोहात पाग फेकली तर महाशीर, कोळशी असे अंगाने मोठे मासे मिळतील. खडकाला चिकटून राहणारा मळ्या तिथे सापडायचा नाही. तो खळाळत्या उथळ धारेत दगडांखाली शोधावा लागतो. बॅलिटोरासारखे चपट्या पोटाचे मासे तर अशा धारेशिवाय जगूच शकत नाहीत. त्यातलीच एक नवी जात, बॅलिटोरा लॅटिकॉडा, 2012 साली कृष्णेतून वर्णिली गेली. शिंगटीसारखे मिशाळ मासे रात्री बाहेर पडतात, त्यांच्यासाठी जाळे रात्रभर लावून ठेवावे लागते. काही जाती ओढ्याच्या उगमाजवळ, काही सपाटीवरच्या गढूळ पाण्यात. म्हणून उगमापासून संगमापर्यंत जागा निवडायच्या, तिन्ही ऋतूंत तिथे जायचे, प्रत्येक वेळी तेवढीच मेहनत घ्यायची आणि ती लिहून ठेवायची. किती जाळी लावली, किती तास लावली, पाण्याचे तापमान किती, विरघळलेला प्राणवायू किती, हे सारे. अशी नोंद नसेल तर ‘पूर्वी 60 जाती होत्या, आता 40 उरल्या’ या वाक्याला काही किंमत नसते. कदाचित दुसऱ्या वेळी कमी शोधले असेल.

आता पाण्यातल्या डीएनएवरून मासे ओळखण्याची पद्धत आली आहे. नदीचे थोडे पाणी गाळायचे आणि त्यात माशांच्या कातडीचे, विष्ठेचे जे अंश उतरलेले असतात त्यांवरून जाती ओळखायच्या. दुर्मीळ मासे जाळ्यात न सापडताही त्यांचा माग यातून लागू शकतो. पण हे अंश ताडून पाहायला आधी इथल्या प्रत्येक माशाचा नीट ओळखलेला नमुना आणि त्याचा डीएनए हाताशी असावा लागतो. शिवाय मासा लहान की मोठा, अंडी घालण्याजोगा की नाही, हे पाणी सांगत नाही. यंत्र आले म्हणून पाण्यात उतरणारी माणसे नकोत, असे होणार नाही.

आणि पाण्यात रोज उतरणारी माणसे म्हणजे भोई, कोळी, कातकरी, विदर्भात ढीवर. पहिला जोरदार पाऊस पडून ओढे भरले की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, हे त्यांना कोणत्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. चढणीचे मासे कोणत्या ओढ्याला कधी लागतात, कोणता मासा अलीकडे चढेनासा झाला, कोणत्या बंधाऱ्यापाशी अडकतो, ही माहिती त्यांच्याकडे आहे. ती खरी प्रजननाच्या जागांची माहिती आहे. अनेक प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल एकाच हंगामाच्या, तेही कोरड्या दिवसांतल्या पाहणीवर उभे असतात. मासे अंडी घालायला निघतात त्याच दिवसांत पाहणी करणारे नदीकडे फिरकत नसतील, तर त्या अहवालाचा उपयोग काय?

साइक्सच्या यादीतला एक मासा इथे मुद्दाम आठवावा. त्याने दख्खनमधल्या एका ईल माशाला एल्फिन्स्टनचे नाव दिले होते. पुढे तो ‘अँग्विला बेंगालेन्सिस’ हाच असल्याचे ठरले. हा लांबोडका मासा अंडी घालायला समुद्रात जातो आणि त्याची पिले नदीतून उलटी वर येतात. भीमेच्या माथ्यावरच्या ईलला समुद्र गाठायचा तर भीमा आणि कृष्णा उतरून पार बंगालच्या उपसागरापर्यंत जावे लागते. आज त्या वाटेवर उजनी आहे, पुढे श्रीशैलम आणि नागार्जुनसागर आहेत, शेवटी विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आहे. एका माशाचे घर दोन हजार फुटांवरच्या डोहापासून समुद्रापर्यंत पसरलेले असते. म्हणूनच मोजणी जिल्ह्याची किंवा शहराची असून भागत नाही, ती खोऱ्याची असावी लागते. कृष्णेचे खोरे तर चार राज्यांत मिळून सुमारे 2 लाख 59 हजार चौरस किलोमीटर पसरले आहे.

नुसता जातींचा आकडा फसवा असतो, हेही नीट समजून घ्यायला हवे. बाजारात ‘नदीचे मासे’ म्हणून मिळणारे कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे. मत्स्यबीज आणि बोटुकल्या सोडण्याच्या योजनांतून ते इथल्या जलाशयांत आले. चिलापी आफ्रिकेची, 1952 साली ती भारतात आणली गेली आणि आज उजनीच्या मासेमारीत, भिगवणच्या बाजारात तिचे राज्य आहे. आफ्रिकी मांगूरवर केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली, तरी तो जलाशयांत आहेच. घरच्या काचपेटीतून सुटलेला सकर मासाही उजनीत पोहोचला आहे. डासांच्या अळ्या खातील म्हणून गप्पी आणि गंबुसिया सोडले गेले. समजा, एखाद्या नदीतून सहा स्थानिक जाती गेल्या आणि सहा परक्या आल्या. यादीतला आकडा जसाच्या तसा राहील आणि नदी मात्र दुसरीच झालेली असेल. कमी प्राणवायूत तग धरणारे मासे सांडपाण्याच्या नदीत फोफावतात; खळाळत्या, गार पाण्याचे मासे मुकाट्याने संपतात. मासेमाराच्या घरची चूल चिलापीवर पेटते हे खरे आहे, आणि त्याचा रोजगार बुडवावा असे कोणी म्हणू नये. पण पुढची बोटुकली कोणत्या पाण्यात सोडायची, हे तिथे आधी कोण राहते ते पाहून ठरवणे शक्य आहे.

न पाहता मासे सोडले तर काय होते, याचे उदाहरण कावेरीने दिले आहे आणि त्याचा एक धागा थेट लोणावळ्याला जाऊन मिळतो. 1970 च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात महाशीरचे कृत्रिम प्रजनन सुरू झाले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या कामाचा पाया घातला. धरणांमुळे आणि सुरुंग लावून होणाऱ्या मासेमारीमुळे महाशीर घटत होता. त्याला वाचवण्याचा हा प्रयत्न मनापासूनचा होता आणि तंत्र म्हणून तो मोठे यश ठरला. इथल्या टॉर खुद्रीची पिले देशात ठिकठिकाणी गेली. कावेरीतही गेली.

कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता. पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, 50 किलोंहून अधिक वाढणारा. जगभरचे गळकरी त्याच्यासाठी येत. एवढा प्रसिद्ध मासा, पण त्याला निश्चित शास्त्रीय नाव नव्हते. मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडण्याच्या अटीवर चाललेल्या गळकरी शिबिरांनी 1998 ते 2012 या काळात ठेवलेल्या नोंदी संशोधकांनी पुढे तपासल्या. तेव्हा चित्र उघड झाले: बाहेरून आलेला निळसर परांचा महाशीर वाढत गेला होता आणि कावेरीचा स्वतःचा महाशीर दिसेनासा होत चालला होता. 2018 साली तो म्हणजे केरळातल्या पांबार नदीतून 2007 मध्ये वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे सिद्ध झाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. नावच नव्हते म्हणून तोवर त्याला धोक्याच्या यादीत जागाही मिळू शकत नव्हती. पिले सोडण्याआधी कावेरीतला महाशीर कोण आहे हे कोणी नीट तपासले असते, तर ही वेळ टळण्याची शक्यता होती. विशेष म्हणजे हा उलगडा झाला तो गळ टाकणाऱ्या माणसांच्या वह्यांतून. साधी, सातत्याने ठेवलेली वही किती मोलाची असते!

पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या 290 मत्स्यजातींचा आढावा 2011 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश धोक्यात असल्याचे दिसले. नाकावर उंचवटा असलेला ‘नुक्ता’ त्यात आहे. नाशिकजवळ देवळालीच्या दारणा नदीतून वर्णिलेला ‘पॅराप्सिलोरिंकस प्रॅटेरी’ तर अतिसंकटग्रस्तांत आहे. कोल्हापूर-सांगली-पुण्याच्या वाचकांपैकी कितीजणांनी ही नावे ऐकली असतील? पापलेट 2023 साली राज्यमासा झाला, त्याचे स्वागतच आहे. नदीच्या माशांच्या वाट्याला मात्र फार तर मृत माशांचा खच पडल्याचे छायाचित्र येते. पंचगंगा, इंद्रायणी, मुळा-मुठा यांच्या काठी अशा बातम्या पुन्हा पुन्हा येतात. सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. त्यात कोणत्या जाती मेल्या, किती मेल्या, हे बातमीत क्वचितच असते, कारण ते कोणी मोजलेलेच नसते. पाण्याचे नमुने घेतले जातात. मेलेले मासे उचलून पुरले जातात. खरे तर तो नदीचा शवविच्छेदन अहवाल असतो आणि तो न वाचताच पुरला जातो.

लोकांना याची काही पडलेली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. देहूच्या डोहातले मासे आणि महाडजवळच्या वाळण कोंडीतले महाशीर श्रद्धेने राखले गेले आहेत. तिथे कोणी जाळे टाकत नाही. शासनालाही मनात आले तर वेगाने चालता येते. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या मंदिराच्या कुंडात मिळालेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशाचे वर्णन 2020 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 2021 च्या मार्चमध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एका छोट्या माशासाठी एवढ्या झटपट निर्णय होऊ शकतो. पण तो मासा आधी कोणीतरी शोधावा, ओळखावा आणि छापून आणावा लागला. देवराईसारखे जपलेले डोह आणि एखादे वारसा स्थळ मिळून खोरे वाचत नाही. मधल्या शेकडो किलोमीटरच्या पात्राचे काय?

काय करायचे ते फारसे अवघड नाही. कृष्णा, भीमा, गोदावरी, तापी, वैनगंगा आणि कोकणातल्या नद्या अशा प्रत्येक खोऱ्यात ठरावीक जागांवर दर पाच वर्षांनी तिन्ही ऋतूंत माशांची मोजणी व्हावी. ती विद्यापीठे, प्राणी सर्वेक्षण संस्था आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी मिळून करावी आणि मासेमारांना त्यात मानधन आणि नाव दोन्ही मिळावे. सारी माहिती मराठीत, सर्वांना पाहता येईल अशी खुली असावी. 2002 च्या जैविक विविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्यांची तरतूद केली आहे. त्या वहीत माशांचे पान आहेच, ते भोयांना आणि कातकऱ्यांना सोबत घेऊन, स्थानिक नावांनी भरावे. कोणत्याही जलाशयात बोटुकली सोडण्याआधी तिथल्या स्थानिक माशांची यादी समोर ठेवण्याची अट असावी. मासे मेले की पुरण्याआधी जाती ओळखून मोजणी व्हावी.

आणि पुणे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या मिळून 44 किलोमीटर लांबीच्या पात्राच्या काठांचे रूप नदीसुधारणेच्या नावाखाली बदलते आहे. जिथून साइक्सने दख्खनच्या माशांची ओळख जगाला करून दिली, त्याच या नद्या. उथळ धार, खडक, डोह आणि काठची झाडे गेली तर मळ्या आणि बॅलिटोरा जगायला जागा उरत नाही, मग पाणी कितीही स्वच्छ करा. या प्रकल्पाच्या प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर त्या पट्ट्यातल्या माशांची मोजणी करून ती जाहीर केली जावी, अशी मागणी पुणेकरांनी आपल्या नगरसेवकाकडे आणि महापालिकेकडे आजच लेखी करावी. इतर शहरांतल्या आणि गावांतल्या वाचकांनीही आपल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन लोकजैवविविधता नोंदवही पाहायला मागावी, आणि त्यातले माशांचे पान कोरे असेल तर ते भरून घ्यावे.